थोरलीतला भुंगा

१

सुमंतरावांनी सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात काढली, पण विजेच्या एका तारेला कधी बोट लावलं नाही. बोट लावलं ते आवक-जावकच्या कागदांना, तेही थुंकी लावून. तारांची हौस राहून गेली म्हणून की काय, त्यांनी बेस गिटारी पाळल्या. पाळल्याच म्हणायचं. कोणी कुत्रं पाळतं, कोणी पोपट पाळतं, कोणी चाळीस वर्षं भावाशी अबोला पाळतं; सुमंतरावांनी तीन बेस पाळल्या. थोरली, मधली आणि धाकटी. तिन्ही जुन्या, तिन्ही पाच तारांच्या.

बेस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लाजू नये. ऑर्केस्ट्रासमोर नाचणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. साधी बेस चार तारांची. पाचवी तार ही चैन. पेनाच्या रिफिलीएवढी जाड, आणि तिचा आवाज कानाच्या आधी पोटाला ऐकू येतो. ती वाजत असते तोवर कोणी वळून पाहत नाही. थांबली की मात्र वरमाय विचारते, स्टेज खचला काय गा?

थोरली सर्वांत जुनी, सन ऐंशीच्या सुमाराची जपानी. तिच्या पाठीवरच्या झाकणाचे स्क्रू कारखान्यात पिळले ते पिळले, पुन्हा कोणी उघडले नाहीत. हे सुमंतराव पाहुण्यांना अशा तोऱ्यात सांगत, जसं काही त्यांच्या घराण्यात अजून वाटण्याच झाल्या नाहीत. न उघडण्यातच तिची सारी इज्जत. पण त्या काळच्या बेसच्या पोटात पत्र्याचं अस्तर नसे. त्यामुळे घरात इकडेतिकडे भटकणारी वीज तिच्यात शिरे, आणि अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, लावला की आवाज सुरू होई: भूंऽऽऽ. घरात त्याचं नाव भुंगा. माणसाने तारांवर नुसता हात ठेवला, की माणूसच तिचं अस्तर होतो आणि भुंगा गप्प. हात उचलला, भुंगा सुरू. यात भूत ना खेत. कोणताही बेसवाला सांगेल.

सकाळचा चहा झाला की सुमंतराव रामदासपेठेतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत अँप लावून ठेवत. काचेच्या वॉल्व्हचा जुना अँप, म्हाताऱ्या जावयासारखा, तापायला वेळ घेई. तोवर थोरली स्टँडवर भुणभुणे आणि सुमंतराव घरातली कामं करत. कामं करावीच लागत, कारण बायको पालथी पडली होती.

ताराबाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा आतून सुटला होता. डॉक्टरांनी तो बसवला, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि सांगितलं, मी मोकळं म्हणेपर्यंत तोंड जमिनीकडे. झोपा, जेवा, न्हाणीघरात जा, पण तोंड जमिनीकडे. एकदा दचकून मान वर गेली, की बुडबुडा सरकला, पडदा सुटला आणि डोळा गेला. डावा डोळा लहानपणीच गोवराने नेलेला. त्याला नुसते सावल्यांचे आकार. म्हणजे घालवायला बाईंजवळ डोळा एकच होता.

"मान खाली ठेवा म्हणते डॉक्टर," ताराबाई म्हणाल्या होत्या. "लग्नात ठेवली होती तेवढीच. तेव्हाची कसर आता काढून राहिला देव."

सुमंतराव हौसेने ऑर्केस्ट्रात वाजवत त्या काळापासूनचा दोस्त रुपराव, साउंड-लाइटवाला. त्याने गोदामातली नवारीची खाट आणून दिली, आणि उशाकडची एक पट्टी सोडवून तोंडापुरती फट केली. त्या फटीत तोंड घालून ताराबाई समोरच्या खोलीची फरशी बघत पडून असत आणि कानांनी घर चालवत.

"भुंगा सुरू आहे तोवर तुम्ही मोकाट," त्या नवऱ्याला म्हणत. "भुंगा बसला की मले समजते, तुम्ही बसले."

२

सुमंतराव स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. भुंगा थांबला.

त्यांनी तो कांदा संपवला, दुसरा घेतला, त्याची सालं काढली, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला की आपण कांदा चिरतो आहोत. म्हणजे आपले दोन्ही हात इथे आहेत.

"नुसतेच काहून बसले?" ताराबाई समोरून म्हणाल्या. "वाजवा ना काही."

भुंगा पुन्हा सुरू झाला.

सुमंतराव सुरी हातात घेऊनच मागच्या खोलीत गेले. थोरली स्टँडवर. समोर त्यांची खुर्ची, तिच्यावर त्यांची चपटी झालेली उशी. मधली आणि धाकटी भिंतीला टांगलेल्या, कोणाशी काही देणंघेणं नसल्यासारख्या. अँपचा लाल दिवा लागलेला. खिडकी बंद. सुमंतराव सरकारी माणूस. कारण सापडल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नसत. व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल. शेजारणीचा मिक्सर असेल. त्यांनी रुपरावला फोन लावला.

"भुंगा मधेच थांबून राहिला गा, रुपराव."

"मग पेढे वाट."

"तसं नाही. कोणी हात लावला नाही, तरी थांबला."

"वायर लूज असन. उघड अन् पाहा."

"उघडणार नाही."

"काहून? सोनं हाय का तिच्या पोटात?"

"कारखान्याचे स्क्रू आहेत बे."

"तुह्या डोक्याचेही कारखान्याचेच हायेत, अन् तेच ढिले झाले," रुपराव म्हणाला आणि फोन ठेवला.

आता कोणी म्हणेल, थोरली कोण्या मेलेल्या वादकाची असणार, तो अपघातात गेला असणार, त्याची इच्छा राहून गेली असणार. नाही हो. ज्याची होती तो उमरेडला ठणठणीत आहे, दोन वेळा जेवतो, आणि थोरलीची त्याला आठवणही येत नाही.

३

डोळ्याचे थेंब संपले म्हणून सुमंतराव भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून औषधाच्या दुकानात गेले. परत येऊन लॅचला किल्ली लावली, दार ढकललं. समोरच्या खोलीत कूलर घरघरत होता. त्याच्या आड काहीतरी कमी होतं. भुंगा नव्हता.

"आज बरे बसले तुम्ही," ताराबाई फटीतून फरशीला म्हणाल्या. आवाज खुशीतला. "अन् ते मोजे काढा हो. या उन्हाळ्यात घरात मोजे घालून कोणी फिरते?"

सुमंतराव उंबऱ्यात उभे. पायात चप्पल, हातात औषधाची पुडी.

"कोणते मोजे?"

"काळे. मघापासून खाटेभोवती चकरा मारून राहिले. मले दुसरं काय दिसते? एवढी फरशी अन् तुमचे पाय. कित्ती लांब दिसतात हो खालून."

मागच्या खोलीत भुंगा सुरू झाला.

पाय सरळ होते की उलटे, हे विचारायची सुमंतरावांना फार इच्छा झाली. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी साठ वर्षांनीही कामाला येतात त्या अशा वेळी. पण विचारायचं कसं? विचारलं की ही म्हणणार, काहून? आणि 'काहून' म्हणताना ती मान वर करते, ही तिची जन्माची खोड. एक 'काहून', आणि डोळा गेला.

"काढतो," सुमंतराव म्हणाले. "मीच होतो."

पुडी खाटेशी ठेवून ते म्हणाले, "तारा, आपण लतिकाकडे जाऊन राहू का काही दिवस? तिचं घर मोठं आहे."

लतिका म्हणजे ताराबाईंची धाकटी बहीण. राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"रस्ते पाहिले काय तिकडचे? एका खड्ड्यात पडदा सुटन, दुसऱ्यात मी." ताराबाईंनी तोंड फटीत नीट बसवलं. "डॉक्टरने धक्का लागू देऊ नका म्हटलं. मी इथून हलत नाही."

४

मग सुमंतरावांनी सरळ अँप बंद केला. भुंगाच नको, म्हणजे भुंग्याचं थांबणंही नको. इतकी सोपी गोष्ट सुचायला एवढा वेळ लागला म्हणून ते स्वतःवर हसलेसुद्धा.

घर शांत झालं.

"बसले काय?" ताराबाईंनी विचारलं.

सुमंतराव स्वयंपाकघरात उभे होते. त्या मागच्या खोलीच्या दिशेने बोलत राहिल्या: दुधाला पिशवीचा वास येतो, शेजारच्या कामिनीच्या मुलीचं जमलं म्हणतात, पाठ फार दुखून राहिली. मधेमधे थांबत होत्या. समोरच्याने हं म्हणावं एवढाच वेळ. आणि पुन्हा पुढे बोलत होत्या.

तेव्हा सुमंतरावांना कळलं की आपण काय करून बसलो. भुंगा म्हणजे वाईट नव्हे. भुंगा म्हणजे खुर्ची रिकामी आहे. आता खुर्ची रिकामी आहे की नाही, हे सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

त्यांनी धावत जाऊन अँप लावला. तो तापेपर्यंत खोलीच्या दारातच उभे राहिले. आत पाय टाकवेना. मग भूंऽऽ आलं, आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको पहिल्यांदा हसली होती तेव्हाही आलं नसेल.

तिथून पुढे त्यांचं जगणं त्या आवाजाला बांधलं गेलं. भुंगा नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी कूलर बंद केला. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद करणाऱ्या माणसाला बायको काय म्हणते, ते लिहायची सोय नाही. "पापड समजले काय मले?" एवढं लिहिता येतं.

भुंगा थांबला की सुमंतराव असतील तिथून पळत. जात तोवर तो सुरू झालेला असे. थोरलीच्या तारा चाचपून पाहत, तर कोमट लागत. कोणी नुकताच हात उचलावा तशा. पण एप्रिलमध्ये नागपुरात कोमट काय लागत नाही? भिंती लागतात, भांडी लागतात, देवही लागतात. हे असं स्वतःला समजावत ते खुर्चीत बसू लागले, पाचही तारांवर तळवा ठेवून. हा हात असेपर्यंत दुसरा हात ठेवायला जागा नाही, हा त्यांचा हिशेब. थोरली उचलून समोरच्या खोलीत न्यावी का, हेही मनात आलं. पण मग तिच्यावर हात ठेवणारं जे काही होतं, तेही ताराबाईंजवळ गेलं असतं. नको.

जेवण खुर्चीत, डुलकी खुर्चीत. डावा हात तारांवर, उजव्या हातात पोळी. उठावं लागे ते ताराबाईंच्या थेंबांसाठी. तळवा उचलला, भुंगा सुरू. सुमंतराव भुंग्याला सोबत घेऊन चालत, एकेक पाऊल टाकत. खाटेजवळ पोचून ताराबाईंची मान कुशीला कलंडवत, उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडवत, बाटलीचं टोपण दातांनी काढत. पहिला थेंब पडायची वेळ झाली की नेमका तेव्हा भुंगा थांबे.

थेंब टाकावाच लागे. एक मोठा श्वास, मग टपकन थेंब. मागच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज येई.

"कोण आहे हो आत?" एकदा ताराबाईंनी विचारलं.

"वारा," सुमंतराव म्हणाले.

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

५

शेवटी त्यांनी रुपरावला बोलावलं. तो खाली टेम्पो रस्त्यातच उभा करून, घामाने निथळत वर आला.

"हिले घेऊन जा," सुमंतराव दारातच कुजबुजले.

"कोणाले? वहिनीले?"

"थोरलीले बे. कायमची ने. विकू नको, ठेवू नको. काहीही कर."

रुपरावने दोस्ताकडे वरून खालपर्यंत पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, डाव्या तळव्यावर तारांचे पाच वळ. "तू अंघोळ करून राहिला की नाही?"

"ते सोड. मी ताराचे थेंब टाकून येतो, तोवर तिच्यावर हात ठेवून बस. उचलू नको, रुपराव. काही झालं तरी उचलू नको. मग दोघं मिळून खाली नेऊ."

रुपराव आत गेला. भुंगा गप्प झाला. आणि किती दिवसांनी ती शांतता सुमंतरावांना गोड लागली. तिला नाव होतं, चेहरा होता, घामाचा वास होता. त्यांनी निवांतपणे ताराबाईंची पट्टी सोडवली. पहिला थेंब टाकला. दुसऱ्या औषधाआधी जरा थांबावं लागे, ते थांबले. ताराबाईंचा गाल त्यांच्या तळव्यावर होता, गरम आणि जड.

दोस्त लोक वैरी बरे म्हणायला लावतात ते असं. रुपरावने विचार केला: हा आपल्या जिवापाड जपलेल्या बाज्याला ने म्हणतो, म्हणजे भुंग्याला वैतागला. बायको अशी पडलेली, वरून दिवसरात्र ही भूं भूं. चार स्क्रूंचा तर मामला. त्याने अँपचा आवाज शून्यावर नेऊन हात उचलला.

"झालं गा, सुमंत!" पॅसेजमधून त्याचा आवाज आला. "पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद घेतला तुह्या ओट्यावरचा, अन् मस्त अस्तर मारून दिलं पोटात. अँपचा आवाज परत वाढवून पाहिला, आता जन्मात भुंगा येत नाही. वहिनी, आराम करा! खाली पोलिसवाला टेम्पोचा फोटो काढून राहिला, मी चाललो."

"रुपराव, थांब!"

सुमंतरावांच्या एका हातात बाटली, दुसऱ्यात बायकोचा डोळा. दार आपटलं. जिन्यात चपला वाजल्या आणि खाली गेल्या.

"देव भलं करो रुपरावभाऊजींचं," ताराबाई म्हणाल्या. "हाय, किती शांत झालं हो घर."

६

दुसरा थेंब टाकून, पट्टी लावून, मान फटीत बसवूनच सुमंतराव उठले. मधेच सोडता आलं नसतं.

मागच्या खोलीत अँपचा लाल दिवा लागलेला होता. थोरली स्टँडवर होती. पाठीचे स्क्रू नवे ओरखडे घेऊन चकाकत होते. खुर्ची सरकलेली होती, पण ती रुपरावनेही सरकवली असेल. खोलीत आवाज नव्हता. कोणाचा हात असला तरी नव्हता, नसला तरी नव्हता.

मग त्यांची नजर पाचव्या तारेवर गेली. जाड तार थांबायला वेळ घेते. तिची कड पुसट दिसत होती. ती अजून हलत होती. वाजवून कोणी नुकतंच उठावं तशी.

सुमंतराव वळले आणि समोरच्या खोलीत आले. धावले नाहीत, धावले असते तर ती दचकली असती. खोलीत खाट, खाटेवर पालथी बायको, बंद कूलर, बंद टीव्ही. आणि ती फट, जिच्यातून तिला फक्त फरशी दिसत होती आणि फरशीवरून जे जाईल ते. सुमंतरावांना एकच उपाय सुचला. ते फरशीवर बसले, उताणे झाले आणि खाटेखाली सरकले. पोट आत ओढलं तेव्हा कुठे मावले. त्यांचं तोंड फटीच्या बरोबर खाली आलं. आता तिला दिसलंच तर हेच दिसेल.

ताराबाईंचे गाल फटीत दाबून पुरीसारखे फुगले होते.

"हे काय हो नवीन?"

"फरशी गार आहे."

"या वयात खाटेखाली! कोणी पाहिलं तर म्हणन, बाईने ढकलून दिलं." त्या हसल्या. त्यांचा श्वास सुमंतरावांच्या कपाळाला लागला. "राहा तिथेच. बरं वाटते." त्यांनी डोळा मिटला. त्यांचा एक हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता.

दुपार टळटळीत होती. रस्त्यावरून आइस्क्रीमवाल्याची घंटी गेली. सुमंतरावांना वाटलं, आपण मूर्ख आहोत. अँप जुना, घर जुनं, बेस जुनी, आपण सर्वांत जुने. संध्याकाळी रुपरावला शिव्या घालू, त्याला चहा पाजू.

पायथ्याकडे खाट करकरली.

नवारीच्या पट्ट्या हळूहळू खाली आल्या. ताराबाई हलल्या नव्हत्या. परातीएवढा एक फुगवटा उतरत उतरत सुमंतरावांच्या गुडघ्यांवर टेकला, आणि जड होत गेला, कोणी बेतानं बसावं तसा. गुडघे फरशीला दाबले गेले. त्यांनी मान वळवली. खाटेच्या या बाजूला भिंतीपर्यंत फरशी होती. त्या बाजूला दारापर्यंत फरशी होती. बसणाऱ्याचे पाय कुठेच खाली आलेले नव्हते.

मग ताराबाईंच्या पावलांखालच्या पट्ट्या दबू लागल्या. एक दबली, सुटली. शेजारची दबली, सुटली. पुन्हा पहिली. दोन बोटांनी आलटूनपालटून, बेस वाजवावी तसं, सावकाश, एका लयीत.

सुमंतरावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. वर, वीतभर अंतरावर, तिचा डोळा होता.

ताराबाईंचा लोंबता हात हलला. तो चाचपडत आत आला, सुमंतरावांच्या छातीवर. तिथे त्यांचा एक हात सापडला. बोटं पुढे सरकली. तिथे दुसरा सापडला. दोन्ही हातांवर ताराबाईंचा तळवा थांबला.

सुमंतराव वाट पाहत राहिले. आता ती 'काहून' म्हणेल. आता मान वर जाईल.

मान वर गेली नाही. तळवा घट्ट झाला, आणि ओठ अगदी खाली, त्यांच्या नाकाशी आले.

"ओरडू नका," ताराबाई श्वासाएवढ्या आवाजात म्हणाल्या. "पाय चेपू द्या त्याले. थांबवलं की वर सरकते."